तारापूरचे इंधन, तेहरानवरचे बॉम्ब आणि कलम १७

इराणच्या अणुकार्यक्रमावरून जगातील बड्या राष्ट्रांनी दोन दशकांहून अधिक काळ जो डाव मांडला आहे, त्याकडे आपल्या चळवळीतील शिकलीसवरलेली मंडळीसुद्धा तिऱ्हाईतासारखी पाहतात. परराष्ट्र धोरण म्हणजे दिल्लीच्या साहेब लोकांचा विषय, आपला विषय आरक्षण, अत्याचार आणि शिष्यवृत्ती, अशी वाटणी आपण आपल्याच मनात करून ठेवली आहे. ही वाटणी बाबासाहेबांनी कधी मान्य केली नव्हती. त्याविषयी पुढे लिहितो.

जून २०२५ मध्ये इस्रायलने इराणवर हल्ले सुरू केले. २२ जूनला अमेरिकेने फोर्डो, नतान्झ आणि इस्फहान येथील अणुकेंद्रांवर हल्ले केले. त्या आठवड्यात भंडाऱ्याच्या न्यायालयाबाहेर चहाच्या टपरीवर एका शेतकरी पक्षकाराने मला विचारले, "वकीलसाहेब, इराणवर बॉम्ब पडले तं आपल्याले काय करा लागते?" प्रश्न रास्त होता. रोवणीचे दिवस जवळ आले होते आणि त्याला पावसाची चिंता होती. मी त्याला डिझेलचे भाव सांगितले. २०१९ च्या मे महिन्यापर्यंत इराण हा भारताला तेल पुरवणाऱ्या प्रमुख देशांपैकी एक होता. निर्बंधांच्या काळात २०१२ पासून त्या तेलाचा काही पैसा आपण यूको बँकेमार्फत रुपयांत चुकवत होतो, म्हणजे डॉलर वाचत होते. अमेरिकेने डोळे वटारले आणि आपण ते तेल घेणे बंद केले. तो मान हलवून निघून गेला. पण हे उत्तर अर्धेच होते. कारण आज इराण ज्या पिंजऱ्यात उभा केला गेला आहे, त्याच पिंजऱ्यात एके काळी भारत उभा होता. आणि त्या खटल्यातला मुद्देमाल आपल्या महाराष्ट्रात, समुद्रकाठी तारापूरला होता.

तारापूरची कथा आजच्या पिढीला ठाऊक नाही, म्हणून सविस्तर सांगतो. ८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात करार झाला. अमेरिकेने दोन अणुभट्ट्या द्यायच्या, त्यासाठी कर्जही द्यायचे आणि तीस वर्षे, म्हणजे १९९३ पर्यंत, त्या भट्ट्यांना लागणारे समृद्ध युरेनियम पुरवायचे. भारताने ते इंधन अमेरिकेकडूनच घ्यायचे आणि तपासणी मान्य करायची. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने भट्ट्या दिल्या. १९६९ मध्ये वीज सुरू झाली आणि १९ जानेवारी १९७० रोजी इंदिरा गांधींनी केंद्र राष्ट्राला अर्पण केले. भट्ट्या अमेरिकेच्या नमुन्याच्या, इंधन अमेरिकेचे. ज्याच्या घरची चूल शेजाऱ्याच्या निखाऱ्यावर पेटते, त्याने शेजाऱ्याशी भांडण करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा लागतो.

भांडण १८ मे १९७४ रोजी झाले. त्या दिवशी पोखरणला भारताने पहिला अणुस्फोट केला आणि त्याला शांततामय स्फोट असे नाव दिले. त्यात वापरलेले प्लुटोनियम तुर्भे येथील सायरस भट्टीतले होते. ती भट्टी कॅनडाने दिली होती आणि तिच्यातले जड पाणी अमेरिकेने. देताना दोघांनीही ते शांततेच्या कामासाठी म्हणून दिले होते. कॅनडाने सहकार्य तोडले. अणुसाहित्य पुरवणाऱ्या देशांचा गट याच स्फोटानंतर उभा राहिला. आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या संसदेने नवा कायदा केला की, जो देश आपली सर्व अणुकेंद्रे तपासणीला खुली करणार नाही त्याला इंधन मिळणार नाही. मी वकील आहे म्हणून सांगतो, तीस वर्षांचा करार हातात असताना पंधराव्या वर्षी एका बाजूने आपल्याच घरात कायदा करून तो करार गुंडाळणे, याला कोणत्याही दिवाणी न्यायालयात करारभंग म्हणतात. आंतरराष्ट्रीय राजकारणात त्याला धोरण म्हणतात!

त्याच वर्षी जानेवारीत अध्यक्ष कार्टर दिल्लीला आले होते. पंतप्रधान होते मोरारजी देसाई. कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्यांच्या कानाशी लागले की, परत गेल्यावर यांना थंड आणि अगदी रोखठोक पत्र लिहिले पाहिजे. मायक्रोफोन चालू होता. वार्ताहरांनी ते ऐकले आणि जगभर बोभाटा झाला. मुत्सद्देगिरीच्या मखमली पडद्यामागे काय बोलले जाते, हे त्या एका मायक्रोफोनने जितके दाखवले तितके शंभर ग्रंथांनी दाखवले नसेल.

पुढे १९८० मध्ये त्याच कार्टर यांनी ३८ टन इंधन द्यायचे ठरवले, कारण शेजारी अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्या होत्या आणि भारताला फार दुखावणे परवडणारे नव्हते. अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने नकार दिला, प्रतिनिधी सभेनेही विरोधात मत दिले, सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा दोन मतांच्या फरकाने ते इंधन सुटले. तारापूरची वीज वॉशिंग्टनच्या दोन मतांवर लटकत होती. १९८२ मध्ये इंदिरा गांधी आणि रेगन यांनी तोडगा काढला की, इंधन फ्रान्सने द्यावे. १९९३ ला करार संपला, फ्रान्सनेही हात वर केले. मग १९९५ मध्ये चीनने दिले. होय, चीनने! त्यानंतर रशियाने २००१ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये दिले. तत्त्व सगळ्यांचे एकच होते आणि प्रत्येकाने ते आपापल्या सोयीने वाकवले.

येथे एक गोष्ट बौद्ध म्हणून नोंदवणे भाग आहे. १९७४ चा स्फोट जगात 'स्मायलिंग बुद्धा' या नावाने ओळखला जातो. १९९८ च्या स्फोटांसाठी ११ मे हा दिवस निवडला गेला, ती बुद्धपौर्णिमा होती. ज्या तथागताने वैराने वैर शमत नाही असे सांगितले, त्याचे नाव आणि त्याचा दिवस बॉम्बला का? एखाद्या सणाचा किंवा देवाचा असा उपयोग झाला असता तर रस्त्यावर काय घडले असते, ते वाचकांनीच ठरवावे. बुद्ध मात्र सगळ्यांचा, म्हणजे कोणाचाच नाही, असे धरून चालणारी ही वृत्ती आहे.

१९९८ नंतर पुन्हा निर्बंध आले. सुरक्षा परिषदेने ६ जूनला ११७२ क्रमांकाचा ठराव करून भारत आणि पाकिस्तान या दोघांचाही निषेध केला. तेव्हा जसवंत सिंह यांनी अमेरिकेच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात लेख लिहिला आणि जगातील अणुव्यवस्थेला वर्णभेदाची उपमा दिली. उपमा चुकीची नव्हती. अण्वस्त्र प्रसारबंदी करार पाहा. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी स्फोट केला ते पाच देश अण्वस्त्रांचे अधिकारी, बाकी सर्वांना बंदी. जन्माच्या तारखेवर अधिकार ठरवणारे हे शास्त्र आपल्याला नवे नाही. ते पाच देश नि:शस्त्रीकरणाकडे जातील असे वचन त्याच करारात आहे, आणि ते वचन १९७० पासून धूळ खात पडले आहे. गंमत एवढीच की, घरातल्या वर्णव्यवस्थेचा ज्यांना कधी त्रास झाला नाही, त्यांना जागतिक पंगतीत बाहेर बसवल्यावर मात्र भेदभावाची तीव्र जाणीव झाली.

आता इराणकडे वळू. इराणने या करारावर १९६८ मध्येच सही केली. तेहरानची संशोधन भट्टी १९६७ मध्ये अमेरिकेनेच दिली, कारण तेव्हा शहा त्यांचे होते. १९७९ च्या क्रांतीनंतर तोच कार्यक्रम संशयास्पद ठरला. इराणचे सगळे स्वच्छ होते असे मी म्हणत नाही. नतान्झचे केंद्र २००२ मध्ये उघडकीस येईपर्यंत त्यांनी लपवून ठेवले होते. तेथील राजवट स्वत:च्याच स्त्रियांवर आणि विरोधकांवर कसा वरवंटा फिरवते हेही जगाने पाहिले आहे. तिचे वकीलपत्र घेण्याचे कारण नाही. पण १४ जुलै २०१५ रोजी सहा मोठ्या देशांनी इराणशी करार केला. युरेनियम ३.६७ टक्क्यांच्या वर समृद्ध करायचे नाही, साठा ३०० किलोच्या वर ठेवायचा नाही, तपासनीस येतील. तपासनीस आले आणि इराण अटी पाळतो असे अहवाल आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने पुन:पुन्हा दिले. तरी ८ मे २०१८ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी तो करार सोडला. त्यानंतर इराण पायरी पायरीने चढत २०२१ मध्ये ६० टक्क्यांवर गेला आणि २०२५ मध्ये बॉम्ब पडले. सही करणाऱ्याच्या डोक्यावर बॉम्ब, आणि सही न करता दोनदा स्फोट करणाऱ्या भारताला २००८ मध्ये सवलत! यात न्याय कोठे आहे ते शोधू नका. भारत अमेरिकेला चीनच्या विरुद्ध उपयोगी होता, इराण उपयोगी नव्हता.

ही सवलत फुकट मिळाली नाही. १८ जुलै २००५ रोजी मनमोहन सिंग आणि बुश यांनी अणुसहकार्याची घोषणा केली. दोन महिने सहा दिवसांनी, २४ सप्टेंबरला, व्हिएन्ना येथे इराणच्या विरोधात ठराव आला. २२ देशांनी बाजूने मत दिले, त्यात भारत होता. रशिया, चीन आणि पाकिस्तानसुद्धा तटस्थ राहिले, एकट्या व्हेनेझुएलाने विरोध केला. अलिप्ततेचा जप करणाऱ्या देशाने तटस्थही राहू नये? फेब्रुवारी २००६ मध्ये आपण पुन्हा तसेच मत दिले. त्याच्या काही दिवस आधी, इराणहून पाकिस्तानमार्गे गॅसची पाइपलाइन आणण्यासाठी धडपडणारे मणिशंकर अय्यर पेट्रोलियम खात्यातून हलवले गेले आणि मुंबईचे मुरली देवरा तेथे आले. योगायोग म्हणणाऱ्यांनी योगायोग म्हणावे. डिसेंबर २००६ च्या हाइड कायद्यात तर अमेरिकेने स्पष्टच लिहिले की, इराणला एकटे पाडण्याच्या प्रयत्नांत भारताचा पूर्ण सहभाग मिळवणे हे आमचे धोरण राहील. तो कायदा आम्हाला बांधील नाही, असे आपले सरकार सांगत राहिले. पाइपलाइन आली नाही, हे आपण पाहिलेच.

२२ जुलै २००८ ला लोकसभेत विश्वासमताचा ठराव २७५ विरुद्ध २५६ मतांनी मंजूर झाला. सभागृहात नोटांची बंडले फडकावली गेली. डावे पक्ष बाहेर पडले होते आणि बहन मायावती या कराराच्या विरोधात उभ्या राहिल्या होत्या. एका दलित स्त्रीने परराष्ट्र धोरणाच्या प्रश्नावर देशातील विरोधाचे नेतृत्व करावे, याची तेव्हाच्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी चेष्टाच अधिक केली. मते किती जमतील, पंतप्रधान कोण होईल, एवढेच त्यांना दिसले. विरोधाचा मुद्दा काय होता हे किती जणांनी छापले? आपल्यातील रिपब्लिकन गटांनी मात्र त्या वेळी या विषयावर एखादे शिबिर घेतल्याचे मला तरी आठवत नाही.

बाबासाहेबांनी १० ऑक्टोबर १९५१ रोजी मंत्रिपदाच्या राजीनाम्याचे जे निवेदन केले, त्यात हिंदू कोड बिल होते, मागासवर्गीयांची उपेक्षा होती आणि तितक्याच ठसठशीतपणे परराष्ट्र धोरण होते. वार्षिक ३५० कोटींच्या महसुलापैकी सुमारे १८० कोटी रुपये लष्करावर खर्च होतात आणि हा खर्च मित्र गमावणाऱ्या धोरणाचा परिणाम आहे, असा त्यांचा हिशेब होता. मित्र नसले की तोफा घ्याव्या लागतात आणि तोफांचे पैसे गरिबाच्या ताटातून येतात. १९५४ च्या मे महिन्यात याच भंडाऱ्यातून ते लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि आपल्या जिल्ह्याने त्यांना निवडून दिले नाही. तो डाग आपण अजून पुसत आहोत. तीनच महिन्यांनी, २६ ऑगस्टला, राज्यसभेत त्यांनी नेहरूंच्या परराष्ट्र धोरणाची, पंचशीलाच्या कराराची आणि तिबेटच्या प्रश्नाची चिरफाड केली. त्यांचे निष्कर्ष सगळे आज जसेच्या तसे लागू होतात असे नाही, कम्युनिस्ट राष्ट्रांविरुद्ध लोकशाही राष्ट्रांच्या बाजूला त्यांचा कल होता. पण धोरणाची किंमत कोण मोजतो हा त्यांचा प्रश्न मात्र लागू आहे.

आणि विजेला विरोध हा आपला वारसा नव्हे. व्हाइसरॉयच्या मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळताना स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय शेतीवरचा भार हलका होणार नाही, ही मांडणी बाबासाहेबांनीच केली. म्हणून अणुऊर्जा नकोच असे मी म्हणत नाही. माझा प्रश्न नुकसानभरपाईचा आहे, आणि करारातली खरी देवाणघेवाण तेथेच झाली आहे.

भोपाळच्या वायुकांडाचा फौजदारी निकाल ७ जून २०१० ला लागला. हजारो माणसे मेली आणि आरोपींना दोन वर्षांची शिक्षा, तीही लगेच जामिनावर सुटका. देश संतापला होता. नेमके तेव्हा अणुदायित्वाचे विधेयक संसदेत होते. लोकांच्या त्या संतापामुळे कलम १७ मध्ये पोटकलम 'ब' आले. यंत्रसामग्रीत दोष असेल किंवा सेवा निकृष्ट असेल आणि त्यामुळे अपघात झाला, तर भट्टी चालवणाऱ्याला पुरवठादाराकडून पैसे वसूल करण्याचा हक्क त्याने दिला. जगात सर्वत्र पुरवठादार मोकळा सुटतो, भारतात सुटणार नव्हता. अमेरिका, फ्रान्स, रशिया, तिघेही या एका पोटकलमावर नाराज झाले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे येथे एका सुरात बोलू लागले. त्या कायद्यातही चालवणाऱ्याचे दायित्व १,५०० कोटींवर थांबत होते. फुकुशिमाच्या २०११ च्या अपघातात जपानला द्यावी लागलेली भरपाई या रकमेच्या शेकडो पट आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये ओलियम वायुगळती प्रकरणात, घातक उद्योग चालवणाऱ्याचे दायित्व संपूर्ण असते आणि भरपाई त्याच्या ऐपतीच्या प्रमाणात ठरली पाहिजे, असा दंडक घालून दिला. न्यायालयाने वाढवलेली रेषा संसदेने मुत्सद्द्यांसाठी आखूड केली.

पुढचे सर्वांनी वाचले असेल. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुऊर्जेचे लक्ष्य आले आणि दायित्वाचा कायदा बदलण्याची घोषणा आली. त्याच महिन्यात वॉशिंग्टनच्या संयुक्त निवेदनात त्याच बदलाचा उल्लेख आला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा मंजूर केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा गेला, २०१० चा दायित्व कायदा गेला, खासगी कंपन्यांना दार उघडले. चालवणाऱ्याचे दायित्व मोठ्या भट्टीसाठी ३,००० कोटींपर्यंत नेले आहे हे खरे. पण पुरवठादाराकडून वसुली आता लेखी करारात तसे लिहिले असेल तर, किंवा कोणी मुद्दाम नुकसान केले असेल तर. जुन्या कलमातले 'अ' आणि 'क' राहिले, 'ब' गेले. या कायद्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून 'शांती' असा शब्द तयार केला आहे. स्फोटाला बुद्धाचे नाव देणाऱ्यांकडून दुसरी काय अपेक्षा करणार?

भंडाऱ्याच्या लोकांना दायित्व हा शब्द पुस्तकातून शिकवावा लागत नाही. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, आठ कामगार मृत्युमुखी पडल्याच्या बातम्या आल्या, आवाज कित्येक किलोमीटर गेला. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या बायाबापड्यांना आपला माणूस आत कोठे आहे हे कोणी सांगत नव्हते. तो साध्या दारूगोळ्याचा स्फोट होता, किरणोत्सर्ग नव्हता. गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि त्या धरणाच्या पुनर्वसनाची प्रकरणे पुढे माझ्या वयाच्या वकिलांपर्यंत आली. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, त्यांचेही भांडण उच्च न्यायालयापर्यंत गेले. जैतापूरला ९,९०० मेगावॅटचा फ्रेंच प्रकल्प यायचा म्हणून ९३८ हेक्टर जमीन घेतली, आणि १८ एप्रिल २०११ ला तेथे गोळीबारात एक तरुण मच्छीमार गेला. सार्कोझींच्या दौऱ्यात करार झाला तो डिसेंबर २०१० मध्ये. पॅरिसशी मैत्री दिल्लीची, जमीन माडबनची.

नव्या कायद्याखालचे नियम आणि त्यापुढे होणारे खरेदीचे करार, यांवर आता लढाई आहे. लेखी करारात वसुलीचा हक्क लिहिला तर तो अजूनही मिळतो, म्हणजे प्रत्येक करारात ते वाक्य आहे की नाही हाच प्रश्न उरला. हे करार गोपनीय राहता कामा नयेत. विदर्भातल्या आणि कोकणातल्या खासदारांना आपल्या वकील संघटनांनी हे लेखी विचारावे, संसदेत तारांकित प्रश्न टाकायला लावावा, माहिती अधिकारात अर्ज करावेत आणि नाकारले तर अपील करावे. पहिला अर्ज कसा लिहायचा हे ज्यांना हवे असेल त्यांनी रविवारी सकाळी बुद्धविहारात यावे, मी मसुदा घेऊन येतो.